भर उन्हात गाडी बंद, सावलीत आली की चालू: सोलर ई-रिक्षाच्या बीएमएस बोर्डाचं निदान

तक्रार नेहमी एकाच वळणाची असते. छतावर पॅनल बसवलेली ई-रिक्षा रात्री पूर्ण चार्ज झालेली असते. सकाळी दोन-चार फेऱ्या होतात आणि दुपारी गाडी स्टँडवर उन्हात उभी राहते. प्रवासी बसतो, चावी फिरते आणि डॅश अंधारात, किंवा मोटरचा कंट्रोलर ओव्हरव्होल्टेजचा एरर देतो. गाडी ढकलून सावलीत नेली, चावी बंद-चालू केली की जणू काही झालंच नव्हतं. बीएमएस बोर्ड, म्हणजे सेलवर लक्ष ठेवून धोका दिसला की बॅटरी तोडणारा बोर्ड, बदलला तरी काही दिवसांत तेच पुन्हा घडतं. असंच चालू राहिलं तर पुढे बोर्डावरचा चार्जिंगचा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट होतो किंवा कंट्रोलरमधला कपॅसिटर फुगतो.

यात बोर्ड बहुतेक वेळा आपलं काम चोख करत असतो. चूक मांडणीत असते: सोलरचा पुरवठा चालू असतानाच बॅटरी बाजूला काढली जाते. धरणाचे दरवाजे बंद केले आणि वरून येवा सुरूच ठेवला, तसा हा प्रकार.

पुढचे आकडे या जोडणीसाठी आहेत: १६ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल सीरीजमध्ये, १०० अँपिअर-अवर, नॉमिनल ५१.२ व्होल्ट, पूर्ण चार्ज ५८.४ व्होल्ट. दीड किलोवॅटपर्यंतची बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी) मोटर, कंट्रोलरचा कमाल करंट ६० अँपिअर. छतावर १८० वॅटची दोन पॅनल सीरीजमध्ये, म्हणजे चालू असताना सुमारे ३६ व्होल्ट आणि ओपन सर्किटला ४४. त्यामुळे एमपीपीटी, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा चार्जर, बूस्ट (व्होल्टेज वाढवणाऱ्या) प्रकारचा. चार्ज आणि डिस्चार्ज एकाच टर्मिनलमधून, म्हणजे कॉमन पोर्टचा बोर्ड. तुमचा पॅक १४ सेलचा असेल तर व्होल्टेज त्या प्रमाणात बदला, तर्क तोच राहतो.

नेमकं काय घडतं

एलएफपी सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं. २० ते ८० टक्क्यांत ते ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपासच फिरतं. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा थोडा पुढे असेल तर ते तिथे दिसतच नाही. वरच्या टोकाला आल्यावर मात्र तो सेल एकटाच झपाट्याने चढतो. समजा पंधरा सेल ३.४० वर आहेत आणि एकाने ३.६५ गाठले. पॅकचं एकूण व्होल्टेज झालं ५४.६५. एमपीपीटी ५८.४ ला लावलेला आहे, त्याच्या हिशेबाने बॅटरी अजून भरायची आहे, म्हणून तो पूर्ण ताकदीने ढकलतोय. बोर्ड एका सेलचं व्होल्टेज पाहतो आणि चार्जिंगचा मॉस्फेट उघडतो, म्हणजे स्विच बंद करून वाट तोडतो.

आता एमपीपीटीच्या समोर बॅटरी नाही. उरला फक्त कंट्रोलरमधला कपॅसिटर, साधारण १००० मायक्रोफॅरड. सपाट पडलेल्या पॅनलमधून भर दुपारी ५ अँपिअर येत असतील तर हा कपॅसिटर दर मिलिसेकंदाला ५ व्होल्टने चढतो. ५४.६५ वरून ६३ ला पोचायला दोन मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत. स्वस्त एमपीपीटीचं व्होल्टेज सावरणारं लूप दहा-दहा मिलिसेकंदांच्या गतीने चालतं, ते जागं होईपर्यंत खेळ संपलेला असतो. ४८ व्होल्टच्या पुष्कळ कंट्रोलरमध्ये कपॅसिटर ६३ व्होल्टचेच असतात.

गाडी उतारावर असेल तर आणखी वाईट. रिजनरेशनचे, म्हणजे वेग कमी होताना मोटरमधून परत येणारे, २० अँपिअर आले तर दर मिलिसेकंदाला २० व्होल्ट.

सावलीत आल्यावर पॅनलचा करंट घटतो, कपॅसिटर हळूहळू उतरतो, पुढे गेलेला सेल निवांत होऊन ३.४० च्या जवळ येतो, बोर्ड पुन्हा जोडला जातो आणि गाडी चालते. ऊन तसंच राहिलं तर हेच चक्र तासाभरात पुन्हा पुन्हा होतं, आणि प्रत्येक वेळी कंट्रोलरला तोच झटका बसतो.

दुसरं नुकसान शांतपणे होतं. चार्ज मॉस्फेट उघडा असताना ड्रायव्हरने अॅक्सिलरेटर दिला तर मोटरचा करंट त्या मॉस्फेटच्या बॉडी डायोडमधून (त्याच्यातच असलेल्या डायोडमधून) जातो. तिथे ०.८ व्होल्टच्या आसपास ड्रॉप, म्हणजे ४० अँपिअरला ३२ वॅट उष्णता. एरवी हाच मॉस्फेट दोन-तीन वॅटमध्ये भागवतो. चार्ज बाजूचे मॉस्फेट जळालेले आणि डिस्चार्ज बाजूचे धडधाकट असा बोर्ड हातात आला तर कारण बहुतेक हेच.

आधी खात्री करा

सुरुवातीला सुरक्षितता. हा पॅक शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर देऊ शकतो. अंगठी, कडं, घड्याळ काढा, पान्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळा, पॅनलचा डीसी एमसीबी हाताशी ठेवा.

१. गाडी बंद पडलेल्या अवस्थेतच, सावलीत न नेता, बॅटरीच्या टर्मिनलवर आणि बोर्डाच्या आउटपुटवर एकाच वेळी व्होल्टेज मोजा. आउटपुट बॅटरीपेक्षा दोन-चार व्होल्टने जास्त दिसलं तर वरचं निदान पक्कं.

२. पॅनलचा एमसीबी पाडा, हेडलाइट लावा आणि बोर्डाच्या बॅटरी बाजू व आउटपुट बाजू यांमधला ड्रॉप मोजा. काही मिलिव्होल्ट आले तर दोन्ही मॉस्फेट चालू आहेत. ०.६ ते ०.८ व्होल्ट आले तर चार्ज मॉस्फेट उघडा आहे आणि करंट डायोडमधून जातोय. जवळजवळ पूर्ण पॅक व्होल्टेज आलं तर डिस्चार्ज मॉस्फेट उघडा आहे, आणि मग दोष अंडरव्होल्टेज, ओव्हरकरंट किंवा शॉर्ट सर्किट संरक्षणाच्या बाजूला शोधा.

३. बोर्डावर सेलवर लक्ष ठेवणारी बीक्यू७६९५२ चिप असेल तर अंदाज बांधत बसू नका, रजिस्टर वाचा. सेफ्टी स्टेटस ए, पत्ता हेक्स ०३: बिट ३ म्हणजे सेल ओव्हरव्होल्टेज, बिट २ अंडरव्होल्टेज, बिट ७ शॉर्ट सर्किट. तापमानाचे दोष सेफ्टी स्टेटस बी मध्ये, हेक्स ०५ ला. चावी फिरवण्याआधी वाचा, कारण दोष निवळला की बिटही पुसला जातो.

मल्टिमीटरच्या साध्या मिन-मॅक्सवर हा झटका पकडता येत नाही, मीटर त्यासाठी फार संथ असतो. ऑसिलोस्कोप घ्या, दहास एक प्रोब लावा, ६० व्होल्टला सिंगल ट्रिगर ठेवा.

तापमानाचा दोषही दुपारीच येतो, म्हणून तो वेगळा काढायलाच हवा. चार्जिंगची वरची मर्यादा अनेक एलएफपी सेलना ५५ अंश असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हवाच ४५ च्या वर जाते, सीटखालच्या पेटीत मर्यादा गाठायला फार वेळ लागत नाही. पण बऱ्याचदा पेटी तितकी तापलेलीच नसते, थर्मिस्टर (तापमान मोजणारा रेझिस्टर) खोटं सांगत असतो. १० किलोओहमचे थर्मिस्टर बीटा ३४३५ आणि बीटा ३९५० अशा दोन्ही प्रकारांत सर्रास मिळतात आणि दिसायला सारखे असतात. तापमानाबरोबर रोध किती झपाट्याने बदलतो ते हा बीटा सांगतो. फर्मवेअरमध्ये ३४३५ आणि जागेवर ३९५० असेल तर खऱ्या ५० अंशांना ५४ आणि ६० अंशांना ६६ दिसतात. २५ अंशांना दोघांचं वाचन एकच येतं, त्यामुळे टेबलावरच्या चाचणीत ही चूक कधीच सापडत नाही. ५० अंशांच्या गरम पाण्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मोजा: ३४३५ असेल तर सुमारे ४.१ किलोओहम, ३९५० असेल तर ३.६.

दुरुस्ती: आधी पुरवठा थांबवा, मग बॅटरी सोडा

सर्वात स्वस्त उपाय सर्वात आधी. एमपीपीटीचं चार्जिंग व्होल्टेज ५८.४ वरून ५५.२ ला आणा, म्हणजे सेलमागे ३.४५. एलएफपी तेवढ्यावर जवळजवळ पूर्ण भरतो, फक्त शेवटचा टप्पा थोडा लांबतो. बऱ्याच गाड्यांची कटकट एवढ्यानेच कमी होते, आणि यासाठी पॅक उघडावा लागत नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे: एआयएस-१५६ (ईव्ही बॅटरीच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक) खाली प्रमाणित पॅक उघडून आतला बोर्ड बदलला की त्या प्रमाणपत्राचा आधार उरत नाही. पॅकच्या बाहेर जे करता येईल ते आधी करा.

त्यानंतर सेल समतोल. बोर्डातलं पॅसिव्ह बॅलन्सिंग, म्हणजे पुढे गेलेल्या सेलमधला चार्ज रेझिस्टरमध्ये जिरवणं, सुमारे ५० मिलिअँपिअरचं. १०० अँपिअर-अवरच्या सेलमध्ये एक टक्का फरक म्हणजे १ अँपिअर-अवर, म्हणजे २० तास सलग बॅलन्सिंग. रिक्षा दिवसातून अर्धा तास वरच्या टोकाला राहत असेल तर त्याला चाळीस दिवस लागतील. म्हणून नवीन पॅक बांधताना सगळे सेल समांतर जोडून बेंच सप्लायने ३.६५ पर्यंत एकत्र भरा आणि करंट २-३ अँपिअरपर्यंत उतरू द्या. हे टाळलं तर बोर्ड कितीही चांगला असला तरी तक्रार परत येणार. बॅलन्सिंगची सुरुवात ३.४० च्या वरच ठेवा. सपाट पट्ट्यात बॅलन्सिंग चालू राहिलं तर चुकीच्या सेलमधून चार्ज काढला जातो आणि असमतोल वाढतो.

मग येतो बोर्डातला खरा बदल, क्रम लावणं:

३.५० व्होल्टला कोणताही एक सेल पोचला की मायक्रोकंट्रोलरने एमपीपीटी बंद करायचा. त्यासाठी पीसी८१७ ऑप्टोकपलर (दोन सर्किट वेगळी ठेवून प्रकाशाने सिग्नल देणारा भाग) आणि एमपीपीटीच्या एनेबल पिनपर्यंत दोन वायर पुरतात. त्याच क्षणी कंट्रोलरचं रिजनरेशनही बंद. ईएबीएसची (मोटरनेच ब्रेक लावण्याच्या सोयीची) वेगळी वायर असेल तर तीच तोडायची. मॉस्फेट उघडायचा तो ३.६४३ व्होल्टला आणि दोन सेकंद थांबून. बीक्यू७६९५२ मध्ये थ्रेशोल्ड ५०.६ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी बसतो, ७२ पायऱ्या म्हणजे ३.६४३, विलंबाची पायरी ३.३ मिलिसेकंदांची, म्हणून दोन सेकंदांसाठी ६०६ पायऱ्या. परत जोडण्याची हिस्टेरेसिस (तोडण्याच्या आणि परत जोडण्याच्या व्होल्टेजमधलं अंतर) मुळात २ पायऱ्यांची, म्हणजे फक्त १०१ मिलिव्होल्ट असते. ती ५ करा. मग सेल ३.३९ ला उतरल्याशिवाय चार्जिंग परत सुरू होणार नाही आणि वारंवार ट्रिप होण्याचं चक्र तुटेल.

बूस्ट एमपीपीटी बंद केला की पॅनलमधून करंट येणं खरंच थांबतं का? पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी असेल तरच. ४४ व्होल्टचं पॅनल आणि ५० च्या वरची बॅटरी असेल तर थांबतं. पण कोणी तिसरं पॅनल सीरीजमध्ये वाढवलं असेल तर ते ६६ व्होल्ट इंडक्टर आणि डायोडमधून सरळ आत शिरतात, एनेबल पिनला तिथे काही किंमत नाही. वाढीव पॅनल समांतरच लावा.

सॉफ्टवेअरवर सगळा भार टाकू नका. एमपीपीटीच्या आउटपुटवर हार्डवेअरचं ओव्हरव्होल्टेज कट-ऑफ हवंच. टीएल४३१ (ठरलेल्या व्होल्टेजला चालू होणारी चिप) ला वर १०० किलोओहम आणि खाली ४.३ किलोओहम लावले की ते साधारण ६०.५ व्होल्टला चालू होतं. रेझिस्टर १ टक्क्याचे घ्या. चालू झालेल्या टीएल४३१ चा कॅथोड दोन व्होल्टच्या आसपास अडकतो, जमिनीपर्यंत येत नाही. त्यामुळे तो एनेबल पिनला थेट जोडला तर पिन बंद समजत नाही. मध्ये एक पीएनपी ट्रान्झिस्टर घालून गेट ड्रायव्हरच बंद करा.

बरेच जण इथे टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचा क्षणिक उसळा दाबणारा) लावून मोकळे होतात. एसएमडीजे६०ए चं उदाहरण घ्या. तो ६६.७ व्होल्टच्या आधी करंट वाहू देत नाही आणि पूर्ण करंटला ९६.८ व्होल्टवर धरतो. ६३ व्होल्टचा कपॅसिटर तोवर गेलेला असतो. शिवाय टीव्हीएस मायक्रोसेकंदांच्या झटक्यासाठी असतो, पॅनलचे सलग अडीचशे वॅट तो काही सेकंदही झेलू शकत नाही. टीव्हीएस हवा, पण वेगळ्या कारणासाठी.

ते कारण शॉर्ट सर्किट. केबलच्या लूपचा इंडक्टन्स २ मायक्रोहेन्री धरा. ३०० अँपिअर ५ मायक्रोसेकंदांत तोडले तर १२० व्होल्टचा उसळा येतो, तो पॅकच्या व्होल्टेजवर चढतो. बॅटरी बाजूच्या केबलचा उसळा टीव्हीएस आणि त्याला खेटून लावलेले सिरॅमिक कपॅसिटर धरतात. मोटर बाजूच्या केबलचा झटका उलट दिशेने येतो, त्यासाठी आउटपुटच्या दोन टर्मिनलमध्ये उलटा डायोड लागतो. एकच डायोड लावून दोन्ही बाजू सांभाळल्या असं होत नाही. टीव्हीएस ९६.८ वर धरतो म्हणून १०० व्होल्टच्या मॉस्फेटला मार्जिन राहत नाही. १५० व्होल्टचे घ्या, ऑन रेझिस्टन्स वाढतो त्याची भरपाई एक-दोन मॉस्फेट समांतर वाढवून करा, आणि प्रत्येकाला स्वतंत्र गेट रेझिस्टर द्या.

बोर्ड नव्याने आखताय तर

सोलरला वेगळा पोर्ट द्या, त्याचे स्वतःचे पाठीला पाठ लावलेले दोन मॉस्फेट ठेवा. पॅनलचे फक्त ५-६ अँपिअर असल्याने ते लहान चालतात. सेल वर गेला की हा पोर्ट सुटतो, मोटरची मुख्य वाट बॅटरीला जोडलेलीच राहते आणि कंट्रोलर कधीच बॅटरीविना उघडा पडत नाही. नवीन डिझाइनमध्ये कॉमन पोर्ट ठेवायला मला एकही चांगलं कारण दिसत नाही.

मॉस्फेट पॉझिटिव्ह बाजूला ठेवा. निगेटिव्ह तोडणारा बोर्ड स्वस्त पडतो, पण तो उघडला की गाडीची जमीन आणि बीएमएसची जमीन वेगळी होते आणि मग एमपीपीटीचा पूर्ण करंट संवादाच्या बारीक वायरमधून परतीची वाट शोधतो. जळालेले आरएस-४८५ चिप यातूनच येतात. निगेटिव्हच तोडायचं असेल तर आयएसओ१०५० सारखा आयसोलेटेड कॅन ट्रान्सीव्हर वापरा.

शंट (करंट मोजायचा रेझिस्टर): दोन १ मिलिओहम समांतर, म्हणजे ०.५. ६० अँपिअरला ३० मिलिव्होल्ट आणि १.८ वॅट. शॉर्ट सर्किटचा थ्रेशोल्ड १५० मिलिव्होल्ट, म्हणजे ३०० अँपिअर. सेन्सचे ट्रॅक शंटच्या पॅडच्या आतल्या कडेवरून काढा, करंटच्या वाटेवरून नव्हे.

तांबं: ७० मायक्रॉन जाडीच्या बाहेरच्या थरात ६० अँपिअरसाठी, २० अंश तापमानवाढ धरली तर ट्रॅक जवळजवळ २८ मिलिमीटर रुंद लागतो. एवढी जागा नसतेच. दोन्ही थर वापरा आणि वरून तांब्याची पट्टी सोल्डर करा. नुसता सोल्डरचा थर चढवून फारसं साधत नाही, तांब्यापुढे त्याचा रोध कितीतरी जास्त असतो.

प्रीचार्जशिवाय (कपॅसिटर आधी रेझिस्टरमधून हळू भरून न घेता) चावी फिरवताना कंट्रोलरचा रिकामा कपॅसिटर शेकडो अँपिअर ओढतो आणि शॉर्ट सर्किटचं संरक्षण ट्रिप होतं. १०० ओहमचा रेझिस्टर अर्धा सेकंद पुरतो. ऊर्जा जेमतेम दीड ज्यूल, पण सुरुवातीचा झटका २९ वॅटचा. चिप रेझिस्टर तडकतो, ५ वॅटचा वायरवाउंड घ्या.

सेलच्या सेन्स वायरींवर २० ओहम आणि २२० नॅनोफॅरडचा फिल्टर ठेवा. वायर सेलच्या बोल्टवर वेगळ्या थिंबलने घ्या, बसबारच्या मधून घेतली तर ६० अँपिअरला अर्ध्या मिलिओहमवर ३० मिलिव्होल्टची चूक येते आणि ओझं वाढलं की तोच सेल कमजोर वाटतो. खडबडीत रस्त्यावर क्रिम्प सैल होतात. बॅलन्सिंग बंद ठेवून मीटरने थेट सेलवर मोजलेलं आणि बोर्डाने दाखवलेलं यांत १० मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर आधी कनेक्टर बघा, सेलला दोष नंतर.

सकाळी ऊन आहे तरी चार्जिंग नाही

रात्री बॅटरी रिकामी होऊन बोर्ड झोपतो. त्याला जागं व्हायला आउटपुटवर चार्जरचं व्होल्टेज हवं, आणि एमपीपीटीला सुरू व्हायला आउटपुटवर बॅटरीचं व्होल्टेज हवं. दोघे एकमेकांची वाट बघत बसतात. एमपीपीटीचा कंट्रोल सप्लाय पॅनलवरून घ्या, किंवा पॅनलवरून डायोड आणि रेझिस्टरने बोर्डाच्या वेक-अप पिनला वेगळी वायर द्या.

बदल केल्यावर चाचणी

सेल ओव्हरचार्ज करून चाचणी घेऊ नका. थ्रेशोल्ड तात्पुरता खाली आणा: ६७ पायऱ्या, म्हणजे ३.३९० व्होल्ट. कंट्रोलर काढून त्याच्या जागी १०० व्होल्टचा १००० मायक्रोफॅरड कपॅसिटर लावा आणि भर उन्हात पॅनल जोडा. पहिल्या फेरीत एमपीपीटीची एनेबल वायर काढून ठेवा, म्हणजे हार्डवेअर कट-ऑफ एकट्याने किती सांभाळतो ते कळेल: स्कोपवर शिखर ६२ व्होल्टच्या आत राहिलं पाहिजे. दुसऱ्या फेरीत वायर जोडा आणि एमपीपीटी बंद करण्याची मर्यादाही तात्पुरती ३.३७ वर आणा. आता चार्ज मॉस्फेट उघडताच कामा नये, त्याआधीच एमपीपीटी थांबला पाहिजे. शेवटी दोन्ही आकडे ३.५० आणि ७२ पायऱ्यांवर परत आणा, ते रजिस्टरमधून वाचून खात्री करा आणि मगच कंट्रोलर जोडा.